बिनतारी संदेशवहन सुधारणेचे संशोधन आणि मेडशीची कसोटी : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : बिनतारी संदेशवहन, क्षीणन, बिट-त्रुटी-दर, ग्रामीण ब्रॉडबँड, पालघर प्रयोग, क्षेत्रमापन

प्रस्तावना

अकोल्याहून वाशिमकडे जाताना पातूर मागे पडले की रस्ता घाट चढू लागतो. टेकड्या, साग आणि वळणे यांतून हा घाट ओलांडल्यावर मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव लागते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश केला. अशा घाटरस्त्यावर चालू संभाषण मध्येच तुटणे, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रेंज दिसत असूनही पलीकडे आवाज न पोहोचणे, हे प्रवाशाला नवे नाही. मेडशी हे या दृष्टीने काही असाधारण गाव नव्हे. विदर्भात अशी गावे पुष्कळ आहेत, आणि म्हणूनच संशोधनाची कसोटी म्हणून ते उपयुक्त ठरते.

बिनतारी संदेशवहन प्रणालींची कार्यक्षमता वाढविणे हा गेल्या दोन-अडीच दशकांत अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतील संशोधनाचा अत्यंत लोकप्रिय विषय ठरला आहे. परिषदांची कार्यवृत्ते आणि बहुविद्याशाखीय नियतकालिके चाळली असता ‘सुधारित’, ‘प्रस्तावित’, ‘वर्धित’ ही विशेषणे शीर्षकांत वारंवार आढळतात. प्रश्न असा की ही सुधारणा कशाच्या तुलनेत झाली, ती कोठे मोजली गेली, आणि पातूरच्या घाटापलीकडे तिचे मोल किती? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे सदर संशोधनपद्धतीची चिकित्सा केली आहे.

संशोधनाचा रूढ साचा

या प्रकारच्या शोधनिबंधाचा एक ठरीव साचा तयार झालेला आहे. प्रारंभी पहिल्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंतचा इतिहास, त्यानंतर प्रेषक व ग्राहक यांची चौकटींची आकृती, मग रॅले वितरणानुसार चढउतार होणारी वाहिनी गृहीत धरून मॅटलॅबवर केलेले सिम्युलेशन आणि शेवटी बिट-त्रुटी-दराचा खाली उतरणारा आलेख. दोन वक्रांपैकी प्रस्तावित पद्धतीचा वक्र खाली असतो आणि निष्कर्षात कार्यक्षमता वाढल्याचे नमूद केलेले असते.

हा साचा मुळात निराधार नाही. चढउतार नसलेल्या वाहिनीत सर्वांत साध्या द्विमान अवस्था-संकेतनाने हजारात एक बिट चुकण्याइतकी शुद्धता मिळवावयाची तर संकेत व रव यांचे गुणोत्तर सुमारे ६.८ डेसिबल पुरते. रॅले वाहिनीत त्याच शुद्धतेसाठी ते सुमारे २४ डेसिबल लागते. डेसिबल हे लघुगणकी माप आहे. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट आणि १० डेसिबल म्हणजे दहापट. म्हणजेच केवळ चढउतारामुळे सुमारे पन्नासपट अधिक शक्ती खर्च होते. ही दरी बुजविण्यासाठी एकाहून अधिक अँटेना वापरण्याची कल्पना पुढे आली. स्थलीय बहुविधतेवरील आरोग्यस्वामी पॉलराज व थॉमस कैलाथ यांचे १९९४ चे पेटंट आणि आलमौटी यांनी १९९८ मध्ये मांडलेली दोन अँटेनांची सुटसुटीत योजना, ही या क्षेत्रातील खरी पावले होत. पॉलराज यांना २०१४ मध्ये मार्कोनी पुरस्कार मिळाला तो उगीच नव्हे.

अडचण आहे ती या पावलांच्या मागोमाग निघालेल्या अनुकरणात. तीन दोष विशेष जाणवतात. प्रस्तावित पद्धतीची तुलना बहुधा सर्वांत दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी, अनेकदा कोणतेही त्रुटिसुधारक संकेतन नसलेल्या प्रणालीशी केली जाते. वास्तविक १९९३ मध्ये बेरू व ग्लाव्ह्यू यांनी टर्बो संकेत मांडले तेव्हाच शॅननच्या १९४८ मधील सैद्धांतिक मर्यादेपासूनचे अंतर अवघे ०.७ डेसिबल उरले होते. म्हणजे एकाच दुव्यावरील संकेतनातून मिळण्याजोगा लाभ तीस वर्षांपूर्वीच जवळजवळ संपला. असे असता एखादा शोधनिबंध संकेतनातूनच तीन-चार डेसिबलचा लाभ दाखवीत असेल, तर लाभाच्या आकड्याआधी तुलनेचा पाया तपासणे परीक्षकाचे काम ठरते.

दुसरा दोष असा की ग्राहकाला वाहिनीचे पूर्ण व अचूक ज्ञान आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात हे ज्ञान मिळविण्यासाठी वेळ व शक्ती खर्च होते, आणि संकेत जितका क्षीण तितके ते ज्ञान अशुद्ध. ज्या ठिकाणी सुधारणेची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच ठिकाणी हे गृहीतक कोसळते.

तिसरा दोष संख्याशास्त्राचा आहे आणि तो इतर विद्याशाखांच्या प्राध्यापकांनाही सहज ओळखता येईल. दहा लाख बिटांत एक चूक, असा दर विश्वासार्हपणे दाखवावयाचा तर किमान शंभर चुका मोजल्या गेल्या पाहिजेत. म्हणजे दहा कोटी बिट चालविले पाहिजेत. काही लाख बिटांच्या सिम्युलेशनवर इतका खोल उतरलेला वक्र काढला असेल, तर त्याचे खालचे टोक दोन-चार चुकांच्या योगायोगावर लोंबकळत असते. शोधनिबंधात किती बिट चालविले याचा उल्लेख नसणे ही किरकोळ त्रुटी नव्हे. समाजशास्त्राच्या निबंधात नमुन्याचा आकार न देण्यासारखेच ते आहे.

डेसिबलचा हिशेब

समजा, वरील तिन्ही दोष टाळून एखाद्या संशोधकाने ३ डेसिबलचा निखळ लाभ मिळविला. त्याचे प्रत्यक्ष भूमीवर काय होते? यासाठी अंतरानुसार संकेत किती क्षीण होतो हे सांगणारे सूत्र लागते. सर्वाधिक प्रचलित सूत्र ओकुमुरा-हाटा यांचे. ओकुमुरा यांनी १९६८ मध्ये तोक्यो परिसरातील मापने प्रसिद्ध केली आणि हाटा यांनी १९८० मध्ये ती सूत्रबद्ध केली. १५० ते १५०० मेगाहर्ट्झ आणि १ ते २० किलोमीटर ही त्याची मर्यादा. ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की संकेत सुमारे साडेदहा डेसिबलने, म्हणजे अकरापटीहून अधिक घटतो. याच हिशेबाने ३ डेसिबलच्या लाभाने पल्ला वाढतो तो अवघा २२ टक्के. पाच किलोमीटरवर थांबणारा संकेत सहा किलोमीटरच्या थोडा पुढे जाईल, इतकेच.

याउलट २१०० ऐवजी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला, तर अँटेनांचे गुण तेच राहिल्यास मोकळ्या अवकाशातच साडेनऊ डेसिबलचा फायदा होतो. हा फायदा कोणत्याही नव्या गणिताचा नसून धोरणाचा आहे. भारतात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत चढ्या राखीव किमतीमुळे विकलाच गेला नाही. २०२२ मध्ये प्रथमच एका कंपनीने तो देशभरासाठी घेतला. ग्रामीण पल्ल्याला सर्वांत उपकारक असलेला पट्टा सहा वर्षे पडून राहिला, आणि त्याच काळात एक-दोन डेसिबलच्या सुधारणेवर शोधनिबंध निघत राहिले. प्रणालीची कार्यक्षमता म्हणजे काय, याची व्याख्याच मुळात अपुरी असल्याचे हे लक्षण आहे.

घाटाचा विचार केल्यास हा हिशेब आणखी विषम होतो. मनोरा आणि ग्राहक यांच्यामध्ये, दोघांपासून दोन-दोन किलोमीटरवर, थेट रेषेच्या ३० मीटर वर डोकावणारी एक धार आहे असे समजू. ९०० मेगाहर्ट्झच्या तरंगाला ती ओलांडताना सुमारे २० डेसिबलची, म्हणजे शंभरपट घट सोसावी लागते. रॅले वितरणात ही धार कोठेच येत नाही. ते वितरण दाट इमारतींच्या, सर्व दिशांनी परावर्तन होणाऱ्या शहरी वस्तीचे चित्र आहे. उघड्या पठारावर थेट किरण प्रबळ असतो आणि डोंगराआड विवर्तन प्रबळ असते. या दोन्ही ठिकाणी शहराचे गणित उसने आणले जाते.

झाडीचेही तसेच. वाइसबर्गर यांच्या १९८२ मधील सूत्रानुसार पानांनी भरलेल्या दाट झाडीतून १०० मीटर जाताना ७०० मेगाहर्ट्झवर सुमारे १८, तर ३५०० मेगाहर्ट्झवर २८ डेसिबलहून थोडी अधिक घट होते. २०२२ च्या लिलावात विकल्या गेलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हाच आकडा पन्नासच्या घरात जातो. (मिलिमीटर लांबीचे तरंग जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात निर्माण केले होते, हा अभिमानाचा भाग खरा, पण सागाच्या रानात त्यांचा उपयोग नाही.) शिवाय हे सूत्र समशीतोष्ण प्रदेशातील, कोरड्या पानांच्या झाडीवरील मापनांतून आले आहे. साग हा पानझडी वृक्ष. उन्हाळ्यात तो उघडा असतो आणि पावसाळ्यात त्याची रुंद पाने पाण्याने निथळत असतात. एकाच जागेवरून चैत्रात आणि श्रावणात दोन वेगळ्या वाहिन्या मिळणार, हे उघड आहे.

पालघरचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातीलच एका संशोधनाची दखल घेणे आवश्यक ठरते. आयआयटी मुंबई येथील अभय करंदीकर, अनिमेष कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्याचा अभ्यास केला. देशात भूतलावरून दूरचित्रवाणी प्रक्षेपण करणारी संस्था एकच असल्याने हा पट्टा बहुतांश रिकामा असावा, असा तर्क होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परिमाणात्मक अभ्यासात तो सिद्ध झाला. प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ वाहिन्या जवळजवळ सर्वत्र मोकळ्या आढळल्या. युरोप-अमेरिकेत या पट्ट्यात मोकळी जागा हुडकावी लागते आणि तिकडील संशोधनाचा भर त्या हुडकण्याच्या तंत्रावर आहे. आपल्याकडे जागा मोकळीच आहे. तिकडचा प्रश्न इकडे सोडवीत बसणे म्हणजे रिकाम्या वाड्यात भाडेकरू शोधण्यासारखे झाले असते.

या गटाने तो प्रश्न बाजूला ठेवला आणि पालघर परिसरातील खामलोली व आसपासच्या गावांत प्रायोगिक परवान्यावर प्रत्यक्ष उपकरणे उभारली. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याने, म्हणजे पुढील भारतनेटने, तंतू ग्रामपंचायतीपर्यंत आणावयाचा होता. तेथून वाडी-पाड्यापर्यंतचा मधला टप्पा बिनतारी कसा पार करावा, हा या गटाचा प्रश्न. दूरचित्रवाणी पट्ट्याचा तरंग झाडीतून व चढउतारातून बऱ्यापैकी वाट काढतो, याची तेथे प्रचीती आली. पुढे ‘ग्राम मार्ग’ या नावाने परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झचा वापर करून काम अधिक गावांत नेण्यात आले. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या समान इंटरनेट हक्कांविषयीच्या स्पर्धेत या प्रकल्पाने प्रथम क्रमांक मिळविला.

या प्रयोगाचे मोल मान्य करूनही काही गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. तांत्रिक निष्कर्ष अनुकूल असूनही दूरचित्रवाणी पट्टा नियमित ग्रामीण सेवेसाठी खुला झाला नाही. ५.८ गिगाहर्ट्झकडे वळणे ही तंत्राची निवड कमी आणि परवान्याची अपरिहार्यता अधिक होती; या वारंवारतेला थेट दृष्टिरेषा लागते, त्यामुळे उंच खांब लागतात आणि खर्च पुन्हा वर जातो. शिवाय पालघर हे मुंबईस जवळ. बिघाड झाल्यास संशोधक त्याच दिवशी पोहोचू शकतो. घाटाआडच्या गावात दुरुस्तीचा माणूस कोठून येणार, वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकणार, हे प्रश्न कार्यक्षमतेच्या व्याख्येत आल्याशिवाय पालघरचा अनुभव वाशिमला जसाच्या तसा लावता येणार नाही.

याच संदर्भात वारणेचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. १९९८ मध्ये वारणानगर येथे संगणकांनी जोडलेल्या गावांचा गाजलेला प्रकल्प सुरू झाला. त्यातील संगणकांऐवजी साधे भ्रमणध्वनी व लघुसंदेश वापरून पाहण्याचा प्रयोग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. शेतकऱ्याला हवी होती ती उसाच्या वजनाची व खताच्या उचलीची माहिती. त्यासाठी काही अक्षरे पुरली. तरंगात कोणतीही सुधारणा करावी लागली नाही.

सहा किलोमीटरचा प्रश्न

पालघरच्या मागे जो विचार होता तोच पुढे आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत पोहोचला. पाचव्या पिढीच्या मूल्यमापनासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ठरविलेल्या नेहमीच्या ग्रामीण नमुन्यात दोन मनोऱ्यांतील अंतर १७३२ मीटर धरले होते. हे अंतर भारतातील खेड्यांना परवडणारे नाही, अशी भूमिका टीएसडीएसआय या भारतीय मानक संस्थेने मांडली. परिणामी २०१७ च्या मूल्यमापन दस्तऐवजात संथ हालचाल व विस्तृत क्षेत्र असा स्वतंत्र नमुना समाविष्ट झाला. त्यात मनोऱ्यांतील अंतर ६ किलोमीटर आहे. हाटा-सूत्राने पाहिल्यास १७३२ मीटरवरून ६ किलोमीटरवर जाण्यासाठी सुमारे १९ डेसिबल, म्हणजे जवळपास ऐंशीपट शक्ती भरून काढावी लागते. एका आकड्याने संशोधनाचा प्रश्न किती बदलतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

प्रश्न बदलताच उत्तरही वेगळ्या ठिकाणी सापडले. मनोरा साधारणतः २० ते ४० वॅट शक्तीने बोलतो, तर हातातील चौथ्या पिढीचा फोन कमाल ०.२ वॅटने. शंभर ते दोनशेपटींचा हा फरक आहे. रेंज दिसते, पण आपला आवाज पोहोचत नाही, या तक्रारीचे एक प्रमुख कारण हेच. पडद्यावरील रेघा मनोऱ्याचा आवाज सांगतात, फोनचा नव्हे. आयआयटी हैदराबाद व आयआयटी मद्रास येथील संशोधकांनी फोनकडून जाणाऱ्या संकेताच्या आवरणातील चढउतार कमी करणारी रचना विकसित केली. त्यामुळे फोनमधील शक्तिवर्धक आपल्या पूर्ण क्षमतेने चालविता येतो. ‘फाइव्ह-जी-आय’ या नावाने ओळखले गेलेले हे भारतीय मानक २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेस पात्र ठरले. मात्र दूरसंचार कंपन्या व उपकरण उत्पादकांनी वेगळ्या मानकामुळे खर्च वाढेल आणि सुसंगतता बिघडेल असा आक्षेप घेतला. अखेरीस त्यातील भाग जागतिक मानकाच्या सतराव्या आवृत्तीत विलीन करण्यावर तडजोड झाली.

या तडजोडीला काहींनी पराभव म्हटले आणि काहींनी विजय. दोन्ही मते घाईची वाटतात. मानकात तरतूद असणे आणि कंपनीने ती मालेगाव तालुक्यातील मनोऱ्यावर चालू करणे यांत बरेच अंतर आहे. तथापि या नमुन्यातही एक उणीव शिल्लक आहेच. सहा किलोमीटरचे मूल्यमापन सपाट भूमीवरील समान षटकोनांच्या जाळ्यावर केले जाते. षटकोनांत पातूरचा घाट नसतो.

क्षेत्रमापनाची उपेक्षा

आता प्रश्न उरतो तो महाविद्यालयीन संशोधनाचा. आयआयटीसारखी साधनसंपत्ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाकडे नाही, हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. भ्रमणध्वनीतील साध्या अ‍ॅपद्वारे मनोऱ्याच्या संकेताची पातळी थेट आकड्यांत वाचता येते. दूरचित्रवाणी पाहण्यासाठी तयार झालेला, संगणकाला जोडावयाचा एक स्वस्त डोंगल काही हजार रुपयांत ७०० व ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे ऐकवितो. उणीव साधनांची कमी आणि मूल्यमापनाच्या व्यवस्थेची अधिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण दिले. २०१८ नंतर केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मागेही घेण्यात आली. याद्या बदलल्या, पण मोजणी निबंधांचीच राहिली. घाटातील वीस ठिकाणी वर्षभर मापन केल्यास त्यातून एक शोधनिबंध निघतो. तेवढ्याच काळात संगणकासमोर बसून तीन निघतात. पदोन्नतीच्या रांगेतील प्राध्यापकाने दुसरा मार्ग धरला, तर दोष एकट्या त्याचा नव्हे. परंतु या निवडीची किंमत संबंधित गाव मोजते, कारण त्या गावाचा आकडा कोणाच्याही आलेखात येत नाही आणि मनोरा कोठे उभारावा याचा निर्णय तोक्योच्या सूत्रावर सोडला जातो.

असे मापन बहुविद्याशाखीयही आहे, आणि हा शब्द मुखपृष्ठावर मिरविणाऱ्या नियतकालिकांनी त्याची दखल घ्यावयास हवी. सागाची पानगळ कधी सुरू होते व नवी पालवी कधी भरते, हे वनस्पतिशास्त्राचा विभाग सांगू शकेल. धारेची उंची व उतार भूगोलाचा विभाग नकाशावरून काढू शकेल. वीज किती वेळ गेली आणि त्यानंतर मनोरा किती वेळात मुका झाला, याची नोंद गावातील विद्यार्थी वहीत ठेवू शकतील. भौतिकशास्त्र वा इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागाकडे उरते ते मापन व विश्लेषण. एकाच ठिकाणी, एकाच उंचीवर, एकाच मनोऱ्याकडे तोंड करून दोन नोंदी घ्याव्या लागतील. पहिली चैत्रात साग निष्पर्ण असताना, दुसरी श्रावणात पाने ओली असताना. वाइसबर्गरच्या सूत्राला येथील सागासाठी किती डेसिबलची दुरुस्ती लागते, ते या दोहोंतील फरकावरून काढता येईल. पातूर ते मालेगाव या मार्गावर अशी ठिकाणे किती आणि कोणती निवडावीत, हे मात्र घाटाची वळणे पायी फिरून पाहिल्यावरच ठरेल.